माळ्यावरची बंदूक: भाव वाढला, पण कागद कुठे आहे?

जुन्या वस्तूंच्या बाजारात अलीकडे एक गोष्ट वारंवार कानावर येते. जुनी बंदूक मिळत नाही आणि मिळाली तर भाव ऐकवत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या भागांत भंगाराचा, जुन्या सागवानी लाकडाचा आणि तांब्या-पितळेचा व्यापार करणारे आमचे बांधव विचारतात की, वाडा मोडताना माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली तर ती खरोखरच लाखांची असते काय? ती घ्यावी काय? थोडी साफसूफ, थोडी दुरुस्ती करून विकता येते काय?

प्रश्न साधा वाटतो, पण याच्या उत्तरावर एखाद्याची रोजी आणि एखाद्याच्या आयुष्याची सात वर्षे अवलंबून असू शकतात. म्हणून भाव का चढले, त्यात आपल्यासाठी धंदा किती आणि धोका किती, हे या लेखात आम्ही उलगडून सांगत आहोत.

आपल्या जिल्ह्यात ही शस्त्रे आली कुठून?

बुलढाणा जिल्हा हा फौजांच्या वाटेवरचा मुलूख होय. ऑक्टोबर १७२४ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला आणि दख्खनवर निजामाची सत्ता पक्की झाली. पुढे सप्टेंबर १८०३ मध्ये जिल्ह्याच्या सीमेजवळ असईची लढाई झाली, नोव्हेंबरमध्ये अकोल्याकडे अडगावची आणि डिसेंबरमध्ये गाविलगड पडला. फौजा गेल्या, पण त्यांच्या मागे तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका गावोगावच्या देशमुख-पाटलांच्या, जहागीरदारांच्या वाड्यांत राहिल्या.

इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा करून लोकांच्या हातची हत्यारे परवान्याखाली आणली. त्यानंतर राहिल्या त्या बहुतेक शिकारीच्या आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका. परवानेदार वारले, मुले मुंबई-पुण्याला गेली, वाडे पडायला आले. आज हीच हत्यारे जुन्या दाराखिडक्यांबरोबर व्यापाऱ्याच्या हाती येतात.

भाव का चढले?

जगाच्या बाजारापासून सुरुवात करू. दुसरे महायुद्ध संपल्यावर प्रत्येक देशाच्या गोदामांत लाखो रायफली पडून होत्या. सैन्याने नवी हत्यारे घेतली आणि काढून टाकलेला माल घाऊक भावाने विकला. अमेरिकेतील शौकीन लोक तो संग्रहासाठी घेत. रशियाची मोसिन-नागांत ही रायफल १८९१ च्या नमुन्याची. ती साडेतीन कोटींहून अधिक बनली. २०१० च्या सुमारास अमेरिकेत ती शंभर डॉलरच्या आसपास मिळे. आज तिला तीनशे-चारशे डॉलर आणि चांगल्या नगाला त्याहून अधिक मोजावे लागतात. कारण सरळ आहे. गोदामे रिकामी झाली, नवा माल बनत नाही. २०१४ नंतर अमेरिकेने रशियावर निर्बंध घातले. अनेक देशांनी जुनी हत्यारे विकण्याऐवजी वितळवून टाकण्याचे धोरण घेतले.

आपल्या शेजारचे उदाहरण यापेक्षा बोलके आहे. काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातील शस्त्रागारात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनच्या हजारो बंदुका, मार्टिनी-हेन्री रायफली आणि तोफा धूळ खात पडल्या होत्या. २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी तो सगळा साठा एकगठ्ठा उचलला. काही वर्षे बाजारात माल भरपूर होता. पण असे दुसरे शस्त्रागार पुन्हा सापडत नाही. साठा एकदाच मिळतो आणि विकला की संपतो, हा या धंद्याचा पहिला नियम आहे.

आता आपल्या देशाकडे पाहू. इथे टंचाईची कारणे तीन आहेत.

पहिले, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी लोकांसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे त्याआधी आलेली वेब्लीसारखी परदेशी रिव्हॉल्व्हरे हातोहात फिरत राहिली आणि दर फेऱ्याला महाग होत गेली.

दुसरे, परदेशात जी सैनिकी रायफल शौकीन माणूस भिंतीवर लावतो, तीच आपल्याकडे निषिद्ध आहे. थ्री नॉट थ्रीची रायफल आणि पोलिसांची जुनी .४१० ची मस्कट या दोन्ही कायद्याने प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी थ्री नॉट थ्रीला संचलनात निरोप दिला, पण म्हणून ती बाजारात आली नाही. अशा रायफलीला आपल्याकडे उघडा बाजारच नाही.

तिसरे, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानेदाराला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारसाहक्काने आलेली बंदूकही या दोनांतच धरली जाते. जास्तीची बंदूक वर्षभरात पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची मुदत होती. पुष्कळ घरांतली आजोबांची बंदूक अशी घराबाहेर गेली.

भाव कशाला मिळतो?

वर्तमानपत्रातल्या बातम्यांनी लोकांचे डोळे दिपतात. २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात टिपू सुलतानची एक चकमकीची बंदूक सात लाख बावीस हजार पौंडांवर, म्हणजे साडेसहा कोटी रुपयांच्या वर गेली. २०१९ मध्ये इंग्लंडमधील एका कुटुंबाच्या माळ्यावर टिपूच्या काळातली शस्त्रे सापडली आणि त्यातल्या चांदीने मढवलेल्या बंदुकीला साठ हजार पौंड, म्हणजे पन्नास लाखांहून अधिक मिळाले. माळा तिकडेही आहे आणि आपल्याकडेही, मग आपल्या बंदुकीला का नाही, असे वाटणे साहजिक आहे.

फरक असा की, तिकडच्या बंदुकीबरोबर तिची हकीकत होती. टिपूच्या कारखान्याच्या खुणा होत्या आणि ती त्या घरात कोणामार्फत आली ते ठाऊक होते. आपल्या माळ्यावरची बंदूक बहुधा साधी, गंजलेली, घोडा तुटलेली असते. शौकीन माणूस लोखंडाचे पैसे देत नाही. तो खुणेचे, हकीकतीचे आणि कागदाचे पैसे देतो. आपल्या देशात तर कागद नसेल तर घेणाराही गुन्हेगार ठरतो, म्हणून खरा गिऱ्हाईक अशा मालाकडे फिरकतच नाही. जो फिरकतो त्याच्यापासून सावध राहावे.

माल ओळखताना काही खुणा उपयोगी पडतात. घोड्याच्या चिमट्यात जळती वात धरण्याची सोय असेल तर ती तोड्याची बंदूक. गारगोटी धरण्याचा जबडा असेल तर चकमकीची. नळीच्या मागे टोपी बसवण्याची लहान निप्पल असेल तर टोपीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर बदामाच्या आकारातली अक्षरे किंवा नंतरच्या काळात पंजा उंचावलेला सिंह कोरलेला असतो. इशापूरच्या कारखान्याच्या रायफलींवर ‘आर. एफ. आय.’ अशी अक्षरे असतात. मात्र खोट्या खुणांचाही बाजार जुना आहे. सरहद्दीकडील दर्रा आदमखेल येथे इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला पिढ्यान् पिढ्या बनत आल्या आहेत.

कायदा काय सांगतो?

इथे आमची विनंती आहे की प्रत्येक ओळ लक्ष देऊन वाचावी.

‘जुनी आहे, चालत नाही, म्हणजे भंगार’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे हे खरे. पण ते दुरुस्त न करता आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट आहे. ‘दुरुस्त करूनही’ या दोन शब्दांत माणूस अडकतो. घोडा तुटला आहे, पण नळी शाबूत आहे, तर कुशल कारागीर ती चालू करू शकतो. मग ती सूट मिळत नाही. हे ठरवणे तुमच्या-आमच्या हाती नाही. ते काम शस्त्रतज्ज्ञांच्या अहवालाने होते. कायद्याने ‘हत्यार’ या शब्दात हत्याराचे सुटे भागही धरले आहेत, म्हणून नुसती नळी उचलली तरी प्रश्न सुटत नाही.

परवान्याशिवाय बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. बंदूक प्रतिबंधित बोअरची असेल तर सात ते चौदा वर्षे. आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणे, विकणे किंवा दुरुस्त करणे यासाठी किमान सात वर्षे व कमाल जन्मठेप आहे. म्हणजे ठेवणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला शिक्षा मोठी. शेपाचशे रुपयांच्या मजुरीसाठी एखादा लोहार, फिटर किंवा लेथवाला बंधू घोडा बसवून देतो तेव्हा त्याला हे ठाऊक नसते.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. आखाती देशातल्या शौकिनाने मोठी रक्कम देऊ केली तरी सामानात ती घालून नेणे म्हणजे स्वतःहून तुरुंगाचे तिकीट काढणे होय. जमिनीत पुरलेले काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

सापडल्यास काय करावे?

समजा, देऊळगावराजाच्या बाजूला वाडा मोडण्याचे काम तुम्ही घेतले आणि लाकडाच्या ढिगात बंदूक निघाली. तर पुढील गोष्टी कराव्यात.

एक, तिला भरलेली समजावे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तशीच राहून गेलेली असू शकते आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीवर गॅस कटर लावणे, ती भट्टीत टाकणे किंवा घोडा ओढून पाहणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

दोन, मालकाला लगेच बोलवावे आणि दोघांनी मिळून जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी कळवावे. अर्जाच्या प्रतीवर तारीख, सही व शिक्का घ्यावा. पंचनाम्याची नक्कल मागावी. ही नक्कल जपून ठेवावी, कारण उद्या कोणी खोटी तक्रार केली तर तीच तुमची ढाल आहे. ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाण्याची भीती आहे त्याने तर कागदाबाबत दुप्पट दक्ष राहावे.

तीन, घरात जुना परवाना सापडतो काय ते वारसांनी शोधावे. परवानेदाराच्या मृत्यूनंतर वारसाला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून आपल्या नावे परवाना मागता येतो. परवाना मिळेपर्यंत बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी. विकायची असेल तरी विक्री परवानाधारकालाच होते.

चार, घासू नये. पॉलिश कागदाने चकाकी आणली की खुणा आणि अक्षरे जातात. त्याबरोबर हकीकत जाते आणि भावही जातो.

पाच, वाडा मोडण्याचा करार करतानाच त्यात एक कलम लिहून घ्यावे की, कोणतेही हत्यार सापडल्यास ते मालकाचे राहील आणि त्याची खबर पोलिसांना दिली जाईल. या एका ओळीने पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

कारागिरांसाठी काम आहे काय?

आहे, पण ते बंदूक चालू करण्यात नाही. शिकलगार, सुतार, चांदीकाम करणारे, चामड्याचे काम करणारे यांच्या हातात पिढीजात कसब आहे. लाकडी दस्त्याची कीड काढणे, चांदीचा पत्रा बसवणे, म्यानाची मखमल बदलणे ही कामे संग्रहालयांना, जुन्या घराण्यांना आणि चित्रपटवाल्यांना लागतात. खामगावच्या चांदीकामाला तर मोठे नाव आहे. मात्र हत्यार आणणाऱ्याचा परवाना किंवा संस्थेचे पत्र पाहिल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये आणि नळी, घोडा व चाप यांचे काम परवानाधारक गनस्मिथवर सोडावे.

आपल्या देशातून शोभेच्या नकली मस्कटही परदेशी जातात. त्यांच्या नळीला बत्तीचे छिद्र पाडलेलेच नसते, म्हणून त्या शोभेच्या. ते छिद्र इथे परवान्याशिवाय पाडले की नकली वस्तूची बंदूक झाली आणि तो कायद्याने गुन्हा ठरला. या धंद्यात उतरायचे तर आधी वकिलाचा आणि जिल्हादंडाधिकारी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

ज्यांना माल ओळखण्याची आवड आहे त्यांनी नागपूरचा अजब बंगला, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा हैदराबादचे सालारजंग संग्रहालय यांतली शस्त्रांची दालने एकदा नीट पाहावीत. तिथे मिळणारे ज्ञान तिकिटाच्या पैशांत मिळते आणि बाजारात ठकण्यापासून वाचवते.

जुन्या बंदुकीचा भाव पुढेही चढत राहील, कारण माल घटतच जाणार आहे. पण चढत्या भावाचा फायदा ज्याच्याकडे स्वच्छ कागद आहे त्यालाच मिळतो. कागद नसेल तर लाखाची वस्तूही खिशात निखारा ठेवल्यासारखी आहे. तेव्हा पुढच्या वेळी लाकडाच्या ढिगात लांब नळी दिसली, तर आधी पोलिस ठाण्याची वाट धरावी आणि भावाचा विचार त्यानंतर करावा.