तीन शब्दांची करणी

लहानपणी आमच्या जालना जिल्ह्यात भानामतीची फार भीती. कुणा सुनेच्या अंगावर काळ्या फुल्या उमटायच्या. बिब्ब्याचे तेल लागले की कातडी अशीच पोळते, हे पुढे कळले. आमची नानी ताईत बांधायची, शेजारच्या काकू लिंबू उतरवायच्या. भीती दोन्ही घरांत एकच. आळ मात्र एखाद्या एकट्या विधवेवर यायचा.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणीचा आळ घेऊन कुणाला छळले, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मी शब्दांचा माणूस. मंत्राने कुणी मेलेले पाहिले नाही. ‘ही करणी करते’ या तीन शब्दांनी मात्र बाई गावातून उठते.