ढग आणि झुडूप

'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्याच लेव्हलमध्ये आकाशात पांढरा ढग आहे आणि खाली जमिनीवर हिरवं झुडूप. दोघांच्या कडा नीट पाहा. ते एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीसमोर मांडी ठोकून हा खेळ किती वेळा खेळलो याची मोजदाद नाही. रोज शेकडो वेळा ते ढग आणि ती झुडपं डोळ्यांसमोरून गेली. तरी ही गोष्ट मला कळली ती पस्तिशी ओलांडल्यावर, आणि मग त्यामागचं कारण शोधल्याशिवाय चैन पडेना.

कारण जागेचं होतं. १९८५ साली जपानमधल्या क्योतो शहरात, निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांचे सहकारी हा खेळ बनवत होते, तेव्हा त्यांच्या हातात एकूण ४० किलोबाइट होते. ३२ किलोबाइट प्रोग्रॅमसाठी, ८ किलोबाइट चित्रांसाठी. आज सकाळी कुणीतरी फोनवर पाठवलेलं फुलाचं सुप्रभात बहुधा याहून जड असेल.

आता थोडं गणित करू. हा खेळ ज्या यंत्रावर चालायचा, त्याचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. एकेका ठिपक्याला चार रंगांतला एक द्यायचा म्हटलं, तरी एका पडद्याचं चित्र १५ किलोबाइट खातं. म्हणजे खेळाच्या अख्ख्या कॅसेटमध्ये चित्रांचे पुरते तीन पडदेसुद्धा मावले नसते. आणि खेळात तर ३२ लेव्हल आहेत. जमिनीखालची भुयारं आहेत, पाणी आहे, आगीचे किल्ले आहेत. हे सगळं बसलं कुठे?

जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारे कामगार असत. त्यांच्याकडे पानं साठवलेली नसत. खणाखणांत अक्षरांचे खिळे असत, आणि त्याच खिळ्यांतून आज लग्नपत्रिका, उद्या दिवाळी अंक. मारिओचा पडदाही असाच जुळवलेला आहे. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक छोटा चौकोन म्हणजे एक खिळा. एका खिळ्याला १६ बाइट लागतात, म्हणून ८ किलोबाइटमध्ये बरोबर ५१२ खिळे बसतात. निम्मे मागच्या देखाव्यासाठी, निम्मे हलणाऱ्या पात्रांसाठी. खरी गंमत अशी की खिळ्यात रंग नसतोच. 'इथे पहिला रंग, तिथे दुसरा' एवढंच त्यात लिहिलेलं असतं, आणि पहिला म्हणजे कोणता हे ऐनवेळी वेगळीकडून सांगता येतं. पांढरा सांगितला की ढग, हिरवा सांगितला की झुडूप.

सुरुवातीलाच समोरून डुलत येणारा तो तपकिरी गूम्बा आठवतो? खेळ जवळजवळ पुरा होत आला तेव्हा लक्षात आलं की खेळातली कासवं नवख्यांना पहिला शत्रू म्हणून फार अवघड जातात, काहीतरी सोपं हवं. पण चित्रांची जागा संपत आलेली. मग त्यांनी चालणाऱ्या गूम्बाचं एकच चित्र काढलं आणि ते आरशात दिसावं तसं डावं-उजवं उलटत ठेवलं. त्या उलटापालटीतून तो पाय टाकत चालतोय असं आपल्याला वाटतं. आम्ही त्याला 'मशरूम' म्हणायचो आणि तो खरंच चालतो याबद्दल आमच्यात कुणालाही शंका नव्हती.

लेव्हलही साठवलेल्या नाहीत, सांगितलेल्या आहेत. अमुक रकान्यात, अमुक उंचीवर, पाच विटांची रांग: एवढ्या सूचनेला दोन बाइट. संगीतही तसंच. कोजी कोंदो यांची ती धून रेकॉर्ड केलेली नाही, यंत्रातले मोजके आवाज जुळवून ती दर वेळी ताजी वाजते. मारिओनं उडी मारली की उडीच्या आवाजासाठी त्यातला एक सूर क्षणभर गप्प बसतो. कान देऊन ऐका, नक्की सापडेल.

अशीच एक कथा इंग्लंडमधली आहे, आणि ती मला मारिओपेक्षाही अद्भुत वाटते. १९८४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा खेळ बनवला. त्यात तुम्ही अंतराळयान घेऊन ताऱ्याताऱ्यांमध्ये व्यापार करता. यंत्र बीबीसी मायक्रो, स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. खेळात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रहमाला. प्रत्येकीला नाव, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, बाजारभाव.

एका अख्ख्या आकाशगंगेला लागतात सहा बाइट!

सुरुवातीला फक्त तीन संख्या. त्यांची बेरीज करायची, पहिली टाकून द्यायची, बेरीज शेवटी जोडायची. पुन्हा तीन संख्या हाती येतात. हेच करत राहायचं. या आकड्यांच्या निरनिराळ्या तुकड्यांतून यंत्र ठरवतं की इथे लोकशाही आहे की अराजक, लोक शेती करतात की कारखाने चालवतात. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या लावून नावही तिथेच तयार होतं. ग्रह कुठेच साठवलेला नसतो, पण तुम्ही दहा वर्षांनी परत गेलात तरी तोच ग्रह, त्याच नावानं, तिथेच असतो. सहा बाइटांतून २८१ लाख कोटींहून जास्त वेगवेगळ्या आकाशगंगा निघू शकल्या असत्या. प्रकाशकांनी सांगितलं, आठ पुरेत. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. एवढ्या आकाशगंगा दिल्या असत्या, तर खेळणाऱ्याला प्रत्येक ग्रह सारखाच वाटला असता.

आजच्या खेळांबद्दल माझी तक्रार आकाराची नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २' पीसीवर १५० जीबी मागतो, आणि त्यातली पहाट पाहिली की ती जागा सत्कारणी लागली असंच मी म्हणतो. घोड्याच्या खुरांखालचा चिखल ५१२ खिळ्यांत येणार नाही. मात्र जागा मुबलक झाली की 'हे खरंच हवं का?' हा प्रश्न विचारला जात नाही, आणि तो प्रश्न विचारणारा खेळ मला आजही लगेच ओळखू येतो.

माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा खेळ २०१४ मध्ये आला. लोकांनी पूर्ण पैसे मोजून तो घेतला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि एकट्यानं गाडी चालवायची म्हटली तरी तो उघडेनासा झाला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये अभ्यास केला, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत असं आढळलं. एखाद्या भाषेतली शंभरातली सत्त्याऐंशी पुस्तकं मिळेनाशी झाली, तर आपण स्वस्थ बसलो असतो का? 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या युरोपातल्या याचिकेवर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सेवा थांबवा, पण विकलेला खेळ चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा. ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते. ढग आणि झुडूप एक आहेत हे मला तीस वर्षांनी कळू शकलं, कारण तीस वर्षांनीही तो खेळ उघडून पाहता येत होता.

तुमच्याही माळ्यावर एखाद्या खोक्यात जुन्या कॅसेट पडल्या असतील. भंगारात देऊ नका. चालत नाही म्हणून लहानपणी मारायचो तशी फुंकर मात्र मारू नका. तोंडातल्या वाफेनं खालच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. खरं तर कॅसेट काढून परत बसवल्यामुळेच ती चालायची. कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून पट्ट्या हलक्या हातानं पुसा, वाळू द्या, आणि मग लावून पाहा.