खर्जाची तार कशी निवडावी?

अमरावती-अकोल्याच्या बाजूला गोंधळ पाहिला असेल तर संबळाच्या जोडीने वाजणारे तुणतुणे तुम्ही ऐकलेच असेल. त्याला तार एकच. खुंटी पिळली की स्वर चढतो, सैल केली की उतरतो. याच कापसाच्या मुलखात पूर्वी पिंजारी दारोदार येत. त्यांच्या भल्यामोठ्या धनुकलीची तात लाकडी ठोकळ्याने छेडली, की जाड, घुमणारा आवाज निघे. ती तात तुणतुण्याच्या तारेपेक्षा लांबही असे आणि जाडही.

या दोन साध्या साधनांत तारेचे सगळे शास्त्र आले आहे. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरमागे तारेचे वस्तुमान. फ्रान्समधील मेर्सेन या विद्वानाने १६३६ मध्ये हे नियम मांडले. लांबी दुप्पट केली, तर कंपनसंख्या निम्मी होते. ताण मात्र चौपट करावा, तेव्हा कंपनसंख्या दुप्पट होते. आणि वस्तुमान चौपट केले, तर ती निम्मी होते.

पाचव्या तारेचा प्रश्न

आता गणेशोत्सवातील वाद्यवृंदाकडे वळू. त्यातील बास गिटारचे काम म्हणजे गाण्याला खालून आधार देणे. १९५१ मध्ये अमेरिकेत फेंडर कंपनीने बाजारात आणलेल्या बास गिटारला चार तारा होत्या आणि वाजणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर होती. आजही बहुतेक बास गिटारांची लांबी हीच असते. सर्वांत खालच्या तारेला ‘ई’ म्हणतात. ती सेकंदाला सुमारे ४१.२ कंपने करते. १९७५ मध्ये अँथनी जॅक्सन या वादकाने कार्ल थॉम्प्सन या कारागिराकडून सहा तारांचे बास गिटार बनवून घेतले. त्यात ‘ई’च्याही खाली ‘बी’ ही तार होती. तिची कंपनसंख्या सुमारे ३०.९, म्हणजे ‘ई’च्या पाऊणपट.

एवढा खाली स्वर आणायचा कसा? लांबी वाढवून आणायचा, तर तार ३४ इंचांऐवजी ४५ इंचांहून अधिक हवी. मग वादकाचा हात कसा पुरणार? ‘ई’चीच तार सैल केली तर? कंपनसंख्या पाऊणपट करायची, तर ताण पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे नऊ-सोळांश उरतो. पूर्वीच्या जवळजवळ निम्माच! अशी तार पडद्यांवर आपटून खडखडते आणि स्वर डळमळतो.

उरला तिसरा मार्ग : जाड तार. ताण तोच ठेवायचा, तर वस्तुमान सोळा-नवमांश पट, म्हणजे सुमारे १.७८ पट हवे आणि जाडी १.३३ पट. बाजारात या तारांची जाडी इंचाच्या हजारांश भागात सांगतात. ‘ई’ची तार १०५ची असेल, तर आपल्या ढोबळ हिशेबाने ‘बी’ची १४०ची यावी. प्रत्यक्षात अनेक संचांत ती १३०ची असते. तिचा ताण ‘ई’पेक्षा सुमारे १४ टक्के कमी पडतो, म्हणून ती हाताला जरा मऊ लागते. काही कारागीर लांबी ३५ इंच करतात. त्याने त्याच तारेवर त्याच स्वरासाठी ताण सुमारे ६ टक्के वाढतो.

मग याहून जाड तार का नको? कारण जाड सळई तारेसारखी वागत नाही. ती ताठ असते. तिचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट न राहता थोडे चढे होतात आणि आवाज बेसूर, बोथट लागतो. यावर युक्ती अशी : आत बारीक पोलादी गाभा आणि त्याभोवती दुसऱ्या तारेचे वेढे. वेढ्यांनी वजन वाढते, पण लवचिकपणा टिकतो.

तंबोऱ्यातही तेच गणित

हा प्रश्न आपल्या कारागिरांना नवा नाही. मिरजेत तंबोरे बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा, स्त्री गायिकेचा लहान. म्हणजे लांबी आधीच ठरली. चार तारांपैकी मधल्या दोन जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची तार अधिक जाड, पितळी असते.

पहिली तार सहसा पंचमात लावतात. पण मालकंसात पंचम नाही, म्हणून ती मध्यमात उतरवतात. पंचमापासून मध्यम आठ-नवमांश पट, म्हणून ताण सुमारे २१ टक्के कमी होतो. तार हे सहज सोसते. मारव्यात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही. तेथे अनेक गायक ही तार निषादापर्यंत चढवतात. निषाद पंचमाच्या सव्वापट आहे, म्हणजे ताण १.५६ पट, दीडपटीहून अधिक! आधीच ताणलेली तार तुटण्याची भीती येथे खरी असते. नेहमी निषादच लावायचा असेल, तर चार-पंचमांश जाडीची त्याच धातूची तार घ्यावी : ०.४० मिलिमीटरऐवजी ०.३२. ताण पूर्ववत होतो.

काही गिटारवादक ‘ई’ उतरवून ‘डी’ करतात. तेही पंचमाचा मध्यम करण्यासारखेच. दोन्हींत अंतर एका स्वराचे, म्हणून ताणातील घटही जवळजवळ तेवढीच.

शाळेच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर असेल, तर गुरुजींच्या देखरेखीखाली हे तपासून पाहा. तारेला १ किलोग्रॅम वजन लावून स्वर ऐका. मग ४ किलोग्रॅम लावा. स्वर बरोबर एक सप्तक चढेल. आता वजन तेच ठेवून त्याच धातूची दुप्पट जाडीची तार लावा. स्वर पुन्हा पहिल्या जागी येईल. तार ताणताना चेहरा मात्र तिच्या रेषेपासून दूर ठेवा आणि चष्मा लावा. नवी तार विकत घेण्याआधी किंवा खुंटी पिळण्याआधी वादकानेही हाच हिशेब कागदावर मांडला, तर तारही वाचते आणि वाद्याची मानही.