लेपलला नावं ठेवण्याआधी

शूटिंग चालू असताना संवाद मधेच तुटला, कानात ‘फर्र’ झालं, की पहिल्या शिव्या खातो तो लेपल माइक. “लेपल बदला रे!” अशी हाक येते, कलाकाराला बाजूला घेतात, पिना सुटतात, नवा माइक लागतो आणि पुढच्या टेकला त्याच जागी पुन्हा ‘फर्र’. माइकच खराब असेल तर तो कुठेही खराबच वाजेल. आवाज ठरावीक जागी जात असेल, तर माइकला सोडा आणि अँटेनाकडे बघा.

वायरलेस म्हणजे कलाकाराच्या कमरेला बांधलेलं एक छोटं रेडिओ केंद्र. माइकने पकडलेला आवाज ट्रान्समीटर हवेत सोडतो आणि रेकॉर्डिस्टजवळचा रिसीव्हर तो झेलतो. ही युक्ती जुनी आहे. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त रेक्स हॅरिसनने आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर ओठ हलवायला साफ नकार दिला, तेव्हा त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवावा लागला. त्या वर्षी ध्वनीचं ऑस्कर याच चित्रपटासाठी जॉर्ज ग्रोव्ह्ज यांना मिळालं. आपल्याकडे सरसकट डबिंगच्या जमान्यात ‘लगान’ (२००१) सिंक साऊंडमध्ये, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज टिपून, झाला आणि वारं फिरायला लागलं. आज मराठी मालिकांच्या सेटवर लेपल ही रोजची बाब आहे. अँटेनाचा विचार मात्र रोजचा नाही.

लहर केवढी, अँटेना केवढी

बहुतेक व्यावसायिक वायरलेस ४७० मेगाहर्ट्झच्या वरच्या यूएचएफ पट्ट्यात चालतात. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ५०० मेगाहर्ट्झला ती ६० सेंटिमीटर भरते. ट्रान्समीटरची लोंबती अँटेना साधारण या लांबीच्या पाव असते, म्हणजे ५०० ला १५ सेंटिमीटर, ६०० ला साडेबारा. म्हणून एका पट्ट्याच्या ट्रान्समीटरची अँटेना दुसऱ्याला लावू नये. स्क्रू बसतो, पण सिग्नल बसत नाही. लेक्ट्रोसॉनिक्ससारख्या कंपन्या पट्ट्यानुसार वेगळ्या रंगाच्या टोप्या देतात त्या याचसाठी.

पाव लांबीची अँटेना एकटी काम करत नाही, तिला दुसरी बाजू लागते. ती बाजू ट्रान्समीटरची पेटी आणि माइकची वायर मिळून भरून काढतात. तेव्हा जास्तीची वायर आणि अँटेना एकत्र गुंडाळून टेप मारणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. वायर एका दिशेला, अँटेना दुसऱ्या दिशेला, आणि दोन्ही मोकळ्या.

कमरपट्टा, जरी आणि चिलखत

सिग्नलचा पहिला शत्रू खुद्द कलाकार आहे. माणसाच्या अंगात पाणी भरपूर, आणि पाणी यूएचएफ लहरी शोषून घेतं. अँटेना उघड्या, घामेजलेल्या कातडीला चिकटली तर दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त नुकसान सहज होतं. दहा डेसिबल म्हणजे दहातले नऊ हिस्से शक्ती अंगातच जिरली. कोकणात मे महिन्यात शूटिंग असेल तर विचारूच नका. ट्रान्समीटरला प्लास्टिकचं वेष्टण चढवतात ते घाम आत शिरू नये म्हणून. अँटेना आणि कातडी यांच्यात कापडाचा पट्टा घालणं हे वेगळं आणि तितकंच जरुरीचं काम आहे.

दुसरा शत्रू वेशभूषा. नऊवारी नेसलेल्या नटीच्या कमरेवर मागे ट्रान्समीटर बांधला आणि वरून धातूचा कमरपट्टा आला, की अँटेनाच्या वाटेवर पत्रा उभा राहिला असं समजा. जरीचा जड काठ आडवा आला तरी, त्यात धातू असेल तर, फरक पडतो. अशा वेळी ट्रान्समीटर वर पाठीकडे, ब्लाऊजच्या आत सरकवावा आणि अँटेना सरळ लोंबू द्यावी. काष्ट्याखाली मांडीला किंवा पोटरीला बांधण्याची पद्धत आहे, पण जितकं जमिनीजवळ जाल तितका पल्ला घटतो. ऐतिहासिक पटांत प्रश्न आणखी टोकाचा. चिलखत फायबरचं असेल तर काही बिघडत नाही. पत्र्याचं किंवा खऱ्या कड्यांचं असेल तर ट्रान्समीटर त्याच्या आत ठेवून उपयोग नाही. मग पगडी किंवा शिरस्त्राणाचं अस्तर हीच जागा उरते, अर्थात शिरस्त्राणही पत्र्याचं नसेल तर. उंची मिळते हा वर फायदा. वेशभूषाकाराशी हे बोलणं कपडे शिवण्याआधी व्हायला हवं. सेटवर सुई-दोरा घेऊन केलेली तडजोड दिवसभर छळते.

आता एक गोष्ट जी सवयीमुळे सुटते. कॅमेऱ्याला कलाकाराचं तोंड दिसतं, म्हणून ट्रान्समीटर पाठीमागे. रेकॉर्डिस्ट आपलं सामान मांडतो कॅमेऱ्याच्या मागे, कारण तिथेच जागा असते. म्हणजे रिसीव्हरची अँटेना आणि ट्रान्समीटर यांच्या मधोमध अख्खा माणूस! ही अँटेना फ्रेमच्या कडेला, कलाकाराच्या पाठीची बाजू दिसेल अशी ठेवली की नवी खरेदी न करता सिग्नल सुधारतो.

दगडी वाड्यातल्या आंधळ्या जागा

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा असो की शहरातलं लोखंडी जाळ्यांचं गोदाम, लहर सरळ येते तशी भिंतींवर आपटूनही येते. आपटून आलेली लहर जरा उशिरा पोचते. दोन्ही एकमेकींच्या उलट पडल्या की एकमेकींना खाऊन टाकतात आणि त्या बिंदूवर सिग्नल जवळजवळ शून्य होतो. अशा आंधळ्या जागा अर्ध्या लहरीच्या अंतराने येऊ शकतात, ५०० मेगाहर्ट्झला सुमारे फूटभर. म्हणूनच कलाकार खांबाशी उभा असताना आवाज जातो आणि पाऊल पुढे टाकताच परत येतो.

यावर उतारा म्हणजे डायव्हर्सिटी रिसीव्हर. त्याला दोन अँटेना असतात. एक आंधळ्या जागेत सापडली तरी दुसरी शाबूत असण्याची शक्यता मोठी. पण त्यासाठी दोघींत निदान पाव लहरीचं अंतर हवं; अर्धी लहर किंवा जास्त मिळालं तर उत्तम. बॅगेत दोन्ही अँटेना एकमेकींना खेटून उभ्या केल्या तर डायव्हर्सिटीचे पैसे पाण्यात.

दोन्ही सरळ उभ्या ठेवण्यापेक्षा इंग्रजी ‘व्ही’सारख्या तिरक्या ठेवाव्यात. उभ्या अँटेनाला आडव्या अँटेनाचा सिग्नल नीट पकडता येत नाही. कलाकार उभा आहे तोवर ठीक, पण तो मरणशय्येवर आडवा झाला की त्याच्या अंगावरची अँटेनाही आडवी होते. नेमका त्याच प्रसंगात संवाद हळू असतो आणि सेटवर सगळे श्वास रोखून असतात.

शार्क फिन आणि तिने कमावलेलं

कलाकार लांब असतील तर शार्क फिन वापरतात. त्रिकोणी पंखासारखी दिसणारी ही लॉग पिरिऑडिक अँटेना समोरून येणारा सिग्नल साधारण पाच-सहा डेसिबलने वाढवते आणि मागचं कमी ऐकते. तिचं निमुळतं टोक कलाकारांकडे हवं. उलटी लावलेली शार्क फिन मी बघितली आहे, आणि ती लावणारा नवशिका नव्हता. जनरेटर, एलईडीचे ड्रायव्हर, व्हिडिओ ट्रान्समीटर हे सगळं तिच्या पाठीमागे पडेल अशी दिशा धरावी. स्टँड डोक्याच्या वर, सात-आठ फुटांवर न्यावा. नाहीतर लाइटदादा, स्पॉटदादा आणि मेकअपवाले यांच्या शरीरांची भिंत मधे येते. कलाकार चार-पाच मीटरवर असतील तर मात्र शार्क फिनचा सोस नको. जवळचा जबर सिग्नल रिसीव्हरला गुदमरवतो.

आता केबल. शार्क फिनपासून रिसीव्हरपर्यंत बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर टाकली, तर ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास पाच-सहा डेसिबल केबलच गिळते. म्हणजे अँटेनाने कमावलं ते वाटेतच संपलं. एलएमआर-४०० जातीची जाड केबल तेवढ्याच अंतराला दीडेक डेसिबल घेते. ती वाहायला जड आणि गुंडाळायला हट्टी, तरी घ्यावी. या कामाची केबल ५० ओहमची. अडीनडीला डिश टीव्हीची ७५ ओहमची चांगली केबल चालते, जुळणीचा तोटा नगण्य असतो.

‘मग अँप्लिफायर लावू’ हे उत्तर अर्धवट आहे. अँप्लिफायर सिग्नलबरोबर कचराही वाढवतो. तो अँटेनाच्या टोकाला लावावा आणि केबल जेवढं खाते तेवढंच भरून काढावं, त्याहून एक डेसिबलही जास्त नाही. याहून सोपी आणि जुनी युक्ती म्हणजे रिसीव्हरच कलाकारांजवळ नेऊन ठेवायचा आणि तिथून साधी एक्सएलआर केबल आणायची. ध्वनीच्या केबलला शंभर फुटांचं काही वाटत नाही.

शक्ती वाढवावी की जवळ जावं

ट्रान्समीटर ५० मिलिवॅटवरून १०० वर नेला की तीन डेसिबल मिळतात आणि बॅटरी लवकर उतरते. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल मिळतात, फुकट. माझं मत विचाराल तर या सगळ्या विषयात सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच आहे.

गाडीतल्या प्रसंगात तर दुसरा मार्गच नाही. पत्र्याच्या पेटीतून लहर बाहेर पडते ती काचांमधून. मागच्या गाडीतून झेलण्याची कसरत करण्यापेक्षा रेकॉर्डर आणि रिसीव्हर डिकीत किंवा मागच्या सीटखाली टाकून द्यावेत.

हवेतली गर्दी

हवा कुणाच्या मालकीची नाही, पण फ्रिक्वेन्सीचं वाटप सरकारकडे आहे. भारतात ते दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग पाहते. जुना सेट विकत घेताना पट्टा आधी बघा. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला गेला आणि १३ जुलै २०२० पासून त्याच्या मोठ्या भागात वायरलेस माइक वापरणं बंद झालं. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात ६०० ला बोली लागली नाही, पण ७०० मेगाहर्ट्झमध्ये जिओने जागा घेतली. स्वस्तात मिळणारा ७०० चा सेट उद्या मोबाइल टॉवरशी भांडत बसेल.

जुन्नर-नारायणगावकडे शूटिंग असेल तर आणखी एक भान ठेवा. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. ती ज्या पट्ट्यांत आकाश ऐकते त्यांत ६१० मेगाहर्ट्झच्या आसपासचा भागही येतो. आकाशातून येणाऱ्या त्या क्षीण लहरींपुढे आपला ५० मिलिवॅटचा ट्रान्समीटर म्हणजे प्रचंड गोंगाट. तिथे आधी विचारून, वेगळ्या पट्ट्यात काम करावं.

घरचे शत्रूही कमी नाहीत. प्रॉडक्शनवाल्याच्या हातातला चार वॅटचा वॉकीटॉकी ५० मिलिवॅटच्या माइकच्या ऐंशी पट जोराने बोलतो. रिसीव्हरच्या शेजारी उभं राहून त्याने बटण दाबलं की फ्रिक्वेन्सी वेगळी असूनही रिसीव्हर दबतो. त्याला दहा पावलं लांब उभं करा, गोड बोलून.

शिवाय ट्रान्समीटर आपापसांतही कुरापती काढतात. ५२० आणि ५२१ मेगाहर्ट्झचे दोन ट्रान्समीटर जवळ आले की ५१९ आणि ५२२ ला त्यांची भुतं उमटतात. तिसरा माइक नेमका ५२२ ला असेल तर तो गेला. सारख्या अंतराच्या फ्रिक्वेन्सी कागदावर नीटनेटक्या दिसतात आणि हवेत हमखास आपटतात. माइक चार-पाचाच्या वर गेले की तोंडी हिशेब पुरत नाही, जुळणीचं सॉफ्टवेअर वापरावं.

रेकी आणि चालून बघणं

रेकीच्या दिवशीच पट्टा स्कॅन करावा, शूटिंगच्या सकाळी पुन्हा. स्कॅन करताना आपले सगळे ट्रान्समीटर बंद हवेत, नाहीतर आपणच आपल्याला शत्रू म्हणून नोंदवतो. मग एक माणूस ट्रान्समीटर कमरेला लावून कलाकाराच्या वाटेने चालेल, पाठ फिरवेल, बसेल, आडवा होईल, आणि रेकॉर्डिस्ट कान आणि मीटर दोन्हीकडे लक्ष ठेवेल. डिजिटल सेट असेल तर मीटरवर जास्त भर द्या. ॲनालॉग आवाज जाण्याआधी खरखरून इशारा देतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ वाजतो आणि एकदम बंद पडतो.

दिग्दर्शक आणि सहायक दिग्दर्शकांना एवढीच विनंती: ब्लॉकिंग ठरवताना कॅमेरामनबरोबर रेकॉर्डिस्टलाही बोलवा, कलाकार कुठून कुठे जाणार ते त्याला दाखवा आणि लाइट लागायच्या आत दोन अँटेना-स्टँडपुरती जागा त्याला राखून द्या.