घाटीतला निवासी डॉक्टर कशाने थकतो?

छत्रपती संभाजीनगरमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असे पूर्ण नाव फारसे कोणी घेत नाही. सगळ्यांसाठी ती ‘घाटी’. १९५६ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात आज अकराशेच्या वर खाटा आहेत आणि शहराबरोबरच जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा इथूनही रुग्ण येतात. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातून ‘पुढे न्या’ म्हटले की पुढे म्हणजे बहुतेकदा घाटीच. रात्री दोन वाजता अपघात विभागात पोहोचलेल्या या रुग्णाला सर्वात आधी भेटतो तो निवासी डॉक्टर, म्हणजे एमडी किंवा एमएस करणारा विद्यार्थी.

विद्यार्थी आणि नोकर या दोन्ही भूमिका त्याला एकाच वेळी कराव्या लागतात, आणि ताणाचे मूळ बरेचसे इथेच आहे. वॉर्ड तोच चालवतो. पण त्याची परीक्षा, प्रबंध आणि रजा ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याकडेच कामाच्या तासांची तक्रार करायची असते. त्यामुळे ती बहुधा केली जात नाही.

नियम काय सांगतात?

नियम नवे नाहीत. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग बारा तासांपेक्षा जास्त काम नको, असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत मात्र आकडा नाही. ‘वाजवी’ तास आणि विश्रांतीसाठी ‘वाजवी’ वेळ एवढेच आहे. वाजवी म्हणजे किती, हे मग प्रत्येक विभाग आपल्या सोयीने ठरवतो. आयोगाच्याच कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली: एक चोवीस तासांची ड्युटी, दहा तासांचे पाच दिवस आणि एक दिवस सुट्टी. १९९२ च्या ४८ तासांशी तुलना केली, तर ही सुधारणा म्हणायची की माघार, असा प्रश्न पडतो. कागदावरचे ४८ तास प्रत्यक्षात कधी आलेच नाहीत, हे त्याचे उत्तर.

याच कृतिगटाच्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० एमबीबीएस आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला. मानसिक आजाराचे निदान झाल्याचे एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. पदव्युत्तरमध्ये हे प्रमाण १५.३ टक्केच होते. पण वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे एमबीबीएसच्या १६.२ टक्क्यांनी, तर पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्क्यांनी सांगितले. निदान निम्मे आणि त्रास दुप्पट! स्वेच्छेने भरलेल्या पाहणीचे आकडे जपूनच वाचावेत, तरी एक अर्थ सहज लागतो: ज्यांना मदतीची गरज अधिक, ते तपासणीला पोहोचतच नाहीत. वेळ नसतो, हे एक कारण. दुसरे असे की, मानसोपचार ओपीडी आपल्याच रुग्णालयात असते आणि तिथे केसपेपर लिहिणारा आपल्याच बॅचचा असतो.

सतत थकवा, रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहता ‘बेड नंबर सात’ म्हणून पाहणे आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असे वाटणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मानसशास्त्रज्ञ त्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ही मांडणी केली. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही, कामाशी निगडित स्थिती मानते. म्हणजे उपाय नुसता माणसावर करून भागत नाही, कामावरही करावा लागतो.

औषध बाहेरून आणायला सांगितले, व्हेंटिलेटर रिकामा नाही असे सांगितले, की नातेवाइकांचा राग समोरच्यावर निघतो. खरेदी त्याच्या हातात नसते, पण समोर तोच असतो, किंवा सिस्टर असते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना तर कमी पडणारे मनुष्यबळ म्हणूनच वापरले जाते आणि त्यांची चर्चा अशा बातम्यांतही क्वचितच होते. राज्यात २०१० पासून कायदा आहे. मारहाण करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात आणि मुंबईच्या सायन रुग्णालयात निवासी डॉक्टरांना मारहाण झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सरकारने तेव्हा सशस्त्र सुरक्षारक्षकांचे आश्वासन दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्यावर एका खासदाराने अधिष्ठात्यांनाच स्वच्छतागृह साफ करायला लावले. अधिष्ठात्यांची ही गत, तर पहिल्या वर्षाच्या ज्युनियरने कोणाच्या भरवशावर राहायचे?

सोडून जाणेही सोपे नाही. जागा सोडल्यास लाखोंचा दंड भरावा लागे. तो रद्द करावा, असे आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कळवले. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते. तिथे कॉलेजचे नाव सांगावे लागत नाही.