विश्लेषण : आरोग्यसेवा सरकारी हवी की खासगी? इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

सरकारी रुग्णालयात गर्दी आणि खासगी रुग्णालयात न परवडणारे बिल, या कात्रीत आपल्याकडचा रुग्ण सापडलेला असतो. मग ‘परदेशात सगळे मोफत असते’ असे हमखास ऐकवले जाते. ते अर्धसत्य आहे. बहुतेक देशांत सरकारी आणि खासगी सेवा एकत्रच नांदतात. फरक पडतो तो उपचारांचे पैसे कोण भरते, ते आजारपणाआधी भरले जातात की नंतर आणि दर कोण ठरवते, यामुळे.

ब्रिटनमध्ये उपचार खरेच मोफत?

आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ म्हणजे ‘एनएचएस’ सुरू झाली. तिचा खर्च मुख्यत्वे करांतून भागतो. डॉक्टरांची तपासणी असो वा हृदयशस्त्रक्रिया, रुग्णाला बिल येत नाही. इंग्लंडमध्ये औषधचिठ्ठीसाठी ठरावीक शुल्क आहे. तेही मुले आणि साठीपुढच्या नागरिकांना माफ असते. विशेष म्हणजे या व्यवस्थेतील बहुतांश फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर नाहीत, ते करार पद्धतीने सेवा देतात.

पैशांची चिंता नसली तरी वाट मात्र पाहावी लागते. नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू करण्याचे इंग्लंडमधील उद्दिष्ट २०१६ पासून गाठता आलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रतीक्षायादीतील प्रकरणे ७७ लाखांवर गेली होती. ज्यांना परवडते, ते खासगी रुग्णालयाकडे वळतात.

जर्मनी आणि जपानने कोणता मार्ग निवडला?

जर्मनीत चान्सलर बिस्मार्क यांच्या काळात, १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा आला. आज तेथील सुमारे ९० टक्के लोक या सार्वजनिक विम्यात आहेत. पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी आणि वर थोडी अतिरिक्त वर्गणी, असा हा हिशेब असतो. कर्मचारी आणि मालक ती निम्मी-निम्मी भरतात. म्हणजे वर्गणी उत्पन्नानुसार आणि उपचार गरजेनुसार. रुग्णालये सरकारी, धर्मादाय आणि खासगी अशा तिन्ही प्रकारची आहेत.

जपानमध्ये तर दहापैकी आठ रुग्णालये खासगी आहेत. तरीही १९६१ पासून प्रत्येक नागरिकाला विम्याचे कवच आहे. तपासणी, शस्त्रक्रिया, औषध या प्रत्येकाचा दर सरकार ठरवते, दर दोन वर्षांनी त्याचा आढावा घेते आणि खासगी रुग्णालयालाही तोच दर लागू होतो. रुग्ण साधारणपणे बिलाच्या ३० टक्के रक्कम भरतो. मात्र एका महिन्यात त्याने किती भरायचे याला उत्पन्नानुसार मर्यादा आहे. त्यामुळे खासगी रुग्णालयात दाखल होऊनही घर विकण्याची वेळ येत नाही.

अमेरिकेत सर्वाधिक खर्च होऊनही नाराजी का?

अमेरिका देशांतर्गत उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करते. जर्मनीत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही अमेरिकी नागरिकाचे सरासरी आयुर्मान जपानी नागरिकापेक्षा पाच वर्षांहून अधिक कमी आहे. अर्थात, अमेरिकेची व्यवस्था पूर्ण खासगी नाही. ज्येष्ठांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजना १९६५ पासून आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा विमा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की विम्याचाही प्रश्न उभा राहतो. २०१० च्या ‘ओबामाकेअर’ कायद्याने विमा नसलेल्यांची संख्या बरीच घटली, तरी २०२३ मध्ये अडीच कोटींहून अधिक लोक विम्याबाहेर होते.

खर्च फुगण्याचे मोठे कारण म्हणजे दर. प्रत्येक विमा कंपनी प्रत्येक रुग्णालयाशी वेगळी घासाघीस करते. त्यामुळे एकाच तपासणीचे दर एकाच शहरात वेगवेगळे असतात. ‘मेडिकेअर’ला तर औषध कंपन्यांशी दरांबाबत वाटाघाटी करण्यास कायद्यानेच मनाई होती. २०२२ मधील कायद्याने निवडक औषधांपुरती ही मुभा दिली.

हे सारे श्रीमंत देशांनाच परवडते का?

थायलंडचे उत्तर ‘नाही’ असे आहे. या देशाने २००१-०२ मध्ये ‘३० बाट’ योजना आणली, तेव्हा तो श्रीमंत नव्हता. सरकारी कर्मचारी आणि संघटित कामगार यांच्यासाठी योजना होत्या. उरलेल्या सर्वांना करांच्या पैशांतून कवच मिळाले. एका भेटीसाठी फक्त ३० बाट भरायचे. आज तेथील एकूण आरोग्यखर्चापैकी साधारण दहावा हिस्साच लोकांच्या खिशातून जातो. मात्र हे एका रात्रीत घडले नाही. त्याआधीच्या काही दशकांत तालुका पातळीपर्यंत रुग्णालये उभारली गेली आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची करण्यात आली. आधी दवाखाना आणि मग कार्ड, असा हा क्रम होता.

भारत यात कुठे बसतो?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, पण हा वाटा थायलंडच्या चौपट आहे. सरकारी खर्च २०२१-२२ मध्ये देशांतर्गत उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते.

‘आयुष्मान भारत’मध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे कवच आहे आणि महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादाही तेवढीच केली. पण या योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतात. मधुमेह, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांचा भार घरखर्चावरच पडतो. शिवाय योजनेबाहेरच्या रुग्णासाठी खासगी रुग्णालयांच्या दरांना एरवी मर्यादा नसते.

मग धडा कोणता?

दर ठरवणे अशक्य नाही, हे महाराष्ट्राने करोनाकाळात दाखवले. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला चार हजार, तर व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागासाठी नऊ हजार रुपये. तक्रारी झाल्या, पळवाटाही निघाल्या, पण जादा बिलाविरुद्ध दाद मागताना नातेवाइकांच्या हाती एक अधिकृत आकडा तरी होता.

प्रत्येक देश काही ना काही किंमत मोजतो. ब्रिटन प्रतीक्षेची, जर्मनी पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीची, तर अमेरिका भरमसाट दरांची. आपल्याकडे ही किंमत अजूनही बऱ्याचदा रुग्णाचे कुटुंब ऐन आजारपणात, अनामत रकमेच्या खिडकीपाशी मोजते. रुग्णालयावर पाटी सरकारी आहे की खासगी, यापेक्षा ही वेळ बदलते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.