पैठणीला कात्री लावण्याआधी

पैठणीसोबतचा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा. मुंढा अर्धा इंच जास्त खोल कापला गेला, तर तसाच दुसरा तुकडा आणायचा कुठून? पैठणीचं येवला इथून, म्हणजे चांदवडहून, जवळ. त्यामुळे लग्नसराईत इथल्या शिवणाऱ्या बायकांकडे पैठणीचे ब्लाउज हमखास येतात, आणि कात्री उचलताना हात अडखळतोच. अशाच एका ताईंच्या मशीनशेजारी, फॅशन डिझाइन शिकणाऱ्या त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर ‘क्लो’ हे कोरियन सॉफ्टवेअर चाललेलं मी पाहत बसले.

पडद्यावर एकीकडे पुढचे भाग, पाठ, बाह्या, टक्स असे सपाट तुकडे. दुसरीकडे गिऱ्हाइकाच्या मापांचा पुतळा. कुठली कड कुठल्या कडेला शिवायची ते दाखवून दिलं, की तुकडे पुतळ्यावर चढतात. संगणकाच्या लेखी कापड म्हणजे छोट्या त्रिकोणांची जाळी. तिचे बिंदू सुरुवातीला २० मिलिमीटर अंतरावर असतात. हे अंतर ५ वर आणलं की चुण्या खऱ्यासारख्या पडतात, पण लॅपटॉप रेंगाळतो.

मग ताणाचा नकाशा उघडला. पुढे काखेजवळ लालभडक. मुलगी खांद्याची रेघ सरकवू लागली, तशा ताई म्हणाल्या, “खांद्याला हात लावू नकोस. पुढचा मुंढा पाव इंच कोर.” लाल रंग उतरला.

खरं कसब मला यापुढे दिसलं. सॉफ्टवेअरमधलं तयार रेशीम फारच लोळत होतं. कापड किती वाकतं, ताण्यात, बाण्यात आणि उरेबात किती ताणतं, हे आकडे त्याला द्यावे लागतात. जपानच्या सुएओ कावाबाता यांनी १९७०च्या दशकात अशा मोजणीची यंत्रंच उभी केली. इथे ताईंनी जरीकाठ चिमटीत दुमडून पाहिला आणि “अजून कडक,” असं दोनदा सांगितलं. मुलीने काठापुरता आकडा वाढवला. अस्तर वेगळं जोडलं. कापडाचा फोटो तुकड्यांवर पसरून काठ बाहीच्या टोकाशी नेमका आणला. एवढं झाल्यावरच खडू हातात घेतला.

कापडाची ही जाण बोटांत असलेल्या बायका गावोगाव आहेत. हे तंत्र त्यांच्या मशीनपर्यंत पोचायला हवं. ते फक्त मोठ्या कारखान्यांत राहणं मला मान्य नाही. आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्यांना एक विनंती: माप देताना श्वास रोखू नका, पोट आत ओढू नका. पुतळा तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच उभा राहतो.